तिपाईकर

विमानाचं तिकीट निघालं की लोक खिडकीची जागा मिळाली का ते बघतात. तिपाईकर विमानाची जात बघतात. एअरबस किंवा बोइंग असेल तर चेहरा खुलतो. एटीआर निघालं तर रात्रीचं जेवण जात नाही. एटीआरचे डोक्यावरचे कप्पे बुटके. त्यांत कॅमेऱ्याची सॅक शिरत नाही, आणि शिडीच्या पायथ्याशी उभी असलेली मुलगी "सर, ही आम्ही खाली ठेवतो" असं इतक्या गोडीनं म्हणते की नाही म्हणणाराच उद्धट ठरावा. मग उरलेला सगळा प्रवास तिपाईकर डोळे मिटून बसतात. शेजाऱ्याला वाटतं, माणूस घाबरलाय. ते सामानाच्या डब्यात आत्ता काय कशावर आपटत असेल त्याचा हिशोब करत असतात.

त्यांचं खरं आडनाव अर्थातच वेगळं आहे आणि ते सोसायटीच्या पाटीवर रंगवलेलंही आहे. पण कॅमेऱ्याची तिपाई, म्हणजे ट्रायपॉड, या एका वस्तूभोवती त्यांचा संसार असा काही फिरतो की वॉचमनसुद्धा आता "तिपाईकर साहेब" म्हणतो. असा माणूस आता दर सोसायटीत एक तरी निघतो. साठीच्या आगंमागं, मुलं परदेशात, गुडघे अजून शाबूत, आणि फंडाच्या पैशांतून एकदाची 'दीडशे ते सहाशे'ची झूम लेन्स घेतलेली. ही लेन्स दोन किलोंची. ती हातात धरून पाच मिनिटं वेड्या राघूकडे बघितलं की हात थरथरायला लागतात आणि फोटोत दोन राघू येतात. इथून तिपाईची गरज सुरू होते. संपत मात्र कुठे नाही.

गंमत अशी की फोटोत पक्षी दिसतो, जाणत्याला लेन्सही कळते, पण ट्रायपॉडचा मागमूस कुठे नसतो. जी वस्तू फोटोत कधीच येणार नाही तिच्यावर या माणसाचा सगळा जीव. गिट्झो कंपनी १९१७ सालची, मूळची फ्रान्समधली. मॅनफ्रोटो इटलीतल्या बासानो देल ग्राप्पा गावची. ही माहिती ते सोयरिकीला आलेल्या घराण्यांची द्यावी तशी देतात. सगळं जग मेट्रिक झालं तरी कॅमेऱ्याखालचा स्क्रू पाव इंचाचा आणि तिपाईच्या माथ्यावरचा तीन अष्टमांश इंचाचाच कसा राहिला, हे त्यांनी मला लिफ्टमध्ये सांगितलेलं आहे. आमची लिफ्ट हळू चालते म्हणून ते पूर्ण झालं.

पूर्वी त्यांच्याकडे अ‍ॅल्युमिनियमचा ट्रायपॉड होता. भिगवणला फ्लेमिंगो बघायला गाडीनं जायचं तेव्हा वजनाचा प्रश्नच नव्हता, डिकीत टाकला की झालं. आता होडीत ट्रायपॉड उभा केला तरी होडीच हलत असते, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य, हा भाग वेगळा. पण मुलीनं एकदा विमानाचं तिकीट काढून दिलं आणि या गृहस्थांना ग्रॅमचा शोध लागला. अ‍ॅल्युमिनियमचे पाय विकले, कार्बन फायबरचे घेतले. अर्धा किलो वाचला. त्याला चाळीसेक हजार वर मोजावे लागले.

वहिनींनी त्याच रात्री पेन्सिल घेतली. "जादा सामानाला किलोमागे सहाशे रुपये धरा. अर्धा किलो म्हणजे फेरीला तीनशे वाचले. चाळीस हजार वसूल व्हायला १३३ फेऱ्या. वर्षाला आपल्या सहली दोन, जाऊन-येऊन चार फेऱ्या. तेहतीस वर्षं जगावं लागेल हो तुम्हाला!"

"जगेन की," तिपाईकर म्हणाले, आणि वाचलेल्या अर्ध्या किलोच्या आनंदात त्यांनी तिपाईवर बसवायला दीड किलोचं गिंबल हेड मागवलं.

देशातल्या विमानात हातातल्या बॅगेला साधारणपणे सात किलो, लांबी-रुंदी-उंची मिळून ११५ सेंटिमीटर. खाली द्यायच्या सामानाला पंधरा किलो. हे तीन माणसाळलेले आकडे आहेत. तुम्हीआम्ही दोन शर्ट कमी करून मोकळे होतो. तिपाईकर सहकारी बँकेत ऑडिटला होते. त्यांच्या एक्सेलमध्ये लेन्सचं टोपणसुद्धा ग्रॅममध्ये आहे. निघायच्या आठवडाभर आधी डायनिंग टेबलावर बेडशीट पसरून सगळं मांडतात. बॅगेसाठी लोंबता काटा, आणि प्लेटा, स्क्रू, पट्टे यांच्यासाठी वहिनींचा केकचा काटा. बेरीज नऊ किलोंच्या वर जाते. मग छाटणी. चार्जरची लांब वायर जाते, आखूड येते. पुसायची दोन फडकी होती त्यांतलं एक जातं. सूक्ष्मदर्शकाखाली धरावी अशी बचत चालते, आणि टेबलाच्या मधोमध ते दीड किलोचं गिंबल हेड निवांत बसलेलं असतं. त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. कचेरीतल्या छाटणीतही साहेब असाच वाचतो.

लांबीचा प्रश्न आणखी चिवट. बॅग ५५ बाय ३५ बाय २५. मिटलेला ट्रायपॉड ६६. उभा जात नाही हे उघड. एका रात्री अकराच्या सुमाराला माझा फोन वाजला. "कर्ण!" पलीकडून आवाज आला. मला वाटलं महाभारत लागलंय. "अहो, कर्ण! ५५ चा वर्ग ३०२५, ३५ चा वर्ग १२२५, बेरीज ४२५०, वर्गमूळ ६५.२! आठ मिलिमीटरनं हुकतंय." दहावीच्या पेपरानंतर पायथागोरसशी या माणसाचा संबंध आला नव्हता. आता तो रात्री-अपरात्री येऊ लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या पिशव्या घेताना त्यांनी मला गाठलं. डोळे तांबारलेले. "खोली धरली नव्हती! २५ चा वर्ग ६२५. एकूण ४८७५. वर्गमूळ ६९.८! खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात, तिरपा. बसतो!"

बसला. मी वर जाऊन पाहिला. ट्रायपॉड बॅगेत तिरपा, ताणलेला, अगदी चोख बसला होता. बॅगेत दुसरं काही बसत नव्हतं.

तेव्हा दुसरी विद्या. तिपाईचं डोकं वेगळं करायचं, पाय वेगळे. डोकं महाग, नाजूक आणि आखूड, ते हातात. पाय दणकट आणि लांब, ते खाली, कपड्यांत गुंडाळून. तिपाईकरांनी त्यांना राहू आणि केतू अशी नावं ठेवली आहेत. "राहू माझ्यापाशी, केतू पोटात" असं ते विमानतळावर फोनवर सांगत असतात आणि आसपासची माणसं जरा लांब सरकतात. फोटोग्राफर मंडळींत यावरून दोन पंथ आहेत. एक म्हणतो, काहीही होवो, सगळं नजरेसमोर हवं. पट्ट्यावर फिरायला गेलेली वस्तू आपली नव्हे. दुसरा म्हणतो, सगळं खाली द्या आणि झोपा. या दोन पंथांची माणसं एका टेबलावर चहा पितात, पण दुसऱ्याचं सामान हरवलं की मनातून सुखावतात.

मधल्या काळात त्यांनी केतूसाठी कवच केलं होतं. हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून आणला, दोन्ही बाजूंना टोपणं, आत जुना कांबळा. दुकानदारानं "ड्रेनेजचं काम काढलंय का?" विचारलं तर हे म्हणाले, "नाही, ताडोबाला चाललोय." पाइप इतका भक्कम झाला की तो तिसऱ्या मजल्यावरून टाकून त्यांनी सोसायटीला प्रात्यक्षिक दाखवलं. ट्रायपॉडला ओरखडा नाही. फक्त पाइपचं वजन ट्रायपॉडपेक्षा जास्त भरलं, आणि ताडोबाला आपण नागपूरपर्यंत रेल्वेनंही जाऊ शकतो हे वहिनींनी लक्षात आणून दिलं. तो पाइप आता गच्चीत आहे. त्यात कढीपत्ता लावलाय, छान आलाय.

एकदा मात्र त्यांनी सगळं धाडस करून तिपाई डोक्यासकट हातात नेली. पायांचे टोकदार खिळे आधीच काढून रबरी बूट चढवले होते, कारण टोक दिसलं की संशय येतो. ट्रायपॉड केबिनमध्ये न्यावा की नाही, याचा शेवटचा शब्द तपासणीच्या टेबलामागं उभ्या असलेल्या माणसाचा असतो. त्या दिवशी तिथं एक भरघोस मिशांचा जवान होता.

"ये क्या है?"

"ट्रायपॉड. कॅमेरे का स्टँड."

जवानानं एक पाय पकडून उभा धरला, तोलून बघितला. "ये तो लाठी है."

"कार्बन फायबर है. बहुत हलका."

"हलकी हो या भारी. हम एक लाठी नहीं जाने देते, आप तीन बांध के लाए हैं."

तिपाईकरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षावाल्यांची यादी. तिच्यात ट्रायपॉडला केबिनमध्ये परवानगी आहे. कागद अस्सल होता. खालची ओळ, की अखेरचा निर्णय तपासनिसाचा, तीही तितकीच अस्सल होती. ती त्यांनी अंगठ्यानं झाकली होती. जवानानं कागद शांतपणे वाचला, परत केला आणि म्हणाला, "तो अमेरिका से उड़िए, सर."

मग परत काउंटर, परत रांग, आणि विमानाचे दरवाजे मिटायच्या बेतात घामाघूम झालेले तिपाईकर आत. पण त्या जवानाबद्दल ते एक अक्षर वाईट बोलत नाहीत. "पकडण्याची पद्धत बघितलीत? गुरुत्वमध्यावर धरला त्यानं. त्याच्याकडे कॅमेरा हवा होता."

वजन चुकवण्याचा शेवटचा उपाय म्हणजे एक जाकीट. खाकी, बिनबाह्यांचं, अठरा खिशांचं. बॅगेचं वजन होतं, माणसाच्या अंगावरच्या कपड्यांचं होत नाही, या एका कलमावर ते उभं आहे. छोटी लेन्स डाव्या खिशात, टेलिकन्व्हर्टर उजव्या, चार्जर पाठीवर, हार्ड डिस्क हृदयाशी. मे महिन्यात ते घालून रिक्षातून उतरतात तेव्हा साडेसहा किलोंनी रुंद झालेले असतात. चेक-इनच्या काउंटरवर ते वाकत नाहीत, कारण वाकलं की काहीतरी खणखणतं. आणि बॅटऱ्या! जादा लिथियम बॅटरी खाली द्यायच्या सामानात चालतच नाही, ती हातातच हवी. शंभर वॅट-अवरपर्यंत बिनबोभाट, शंभर ते एकशेसाठ असेल तर विमान कंपनीला विचारून आणि दोनच, त्यावर अजिबात नाही. कॅमेऱ्याची बॅटरी बिचारी सोळा-सतरा वॅट-अवरची, तिला कोण अडवणार? तरी प्रत्येकीच्या टोकांना इन्सुलेशन टेप, भरलेल्यांना हिरवी, रिकाम्यांना लाल, आणि व्होल्ट गुणिले अँपिअर-अवरचं गणित लॅमिनेट करून गळ्यात. मला हे पटतं. सामानाच्या कोठारात पेटलेली बॅटरी विझवायला कुणी नसतं. केबिनमध्ये निदान माणसं असतात. विमानात बसणाऱ्या प्रत्येकानं या बाबतीत थोडं तिपाईकर व्हायला हरकत नाही.

एवढं करून माणूस मुक्कामी पोचतो. राहू येतो, केतू येतो, दोघांची भेट होते, अ‍ॅलन कीनं स्क्रू आवळले जातात, तीन पाय पसरतात, पाण्याचा बुडबुडा बरोबर मध्ये येतो. मग लेन्स उचलतात आणि लक्षात येतं की लेन्सच्या पायाला लावायची प्लेट नाही. चार बोटं लांबीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. ती वजन करताना केकच्या काट्यावर राहिली. तिच्यावाचून हेड लेन्सला धरत नाही आणि लाखाच्या पुढचं सामान जंगलात नुसतं उभं राहतं. असं झालं की तिपाईकर कुणावर चिडत नाहीत. एक्सेल उघडतात आणि प्लेटीच्या रकान्यात बघतात. तिथं बरोबरची खूण असते.

फोटो कसे येतात, असं लोक विचारतात. बरे येतात. पक्षी ओळखू येतो.

मागच्या पावसाळ्यात आम्ही दहा-बारा जण केनियाला, मसाई माराला गेलो. विल्डबीस्ट नावाचे ते दाढीवाले प्राणी लाखांनी नदी ओलांडतात तो मोसम. मुंबई ते नैरोबी मोठं विमान, सामानाला भरपूर सूट, त्यामुळे तिपाईकर मोकळ्या मनानं भरत गेले. पण नैरोबीहून माराला जायचं ते विल्सन नावाच्या छोट्या विमानतळावरून, बारा-तेरा माणसांच्या सेसना कॅरॅव्हॅनमधून, मातीच्या धावपट्टीवर. तिथं हातातलं धरून सगळं मिळून पंधरा किलो, तेही मऊ बॅगेत. पोटाखालच्या कप्प्यात कडक सूटकेस जात नाही. तिपाईकरांचं सतरा भरलं. जाकिटासकट.

बाकीच्यांनी जादा पैसे भरायची तयारी केली. तिपाईकरांनी वाद मांडला. आमच्यातले एक सद्गृहस्थ शंभरी ओलांडलेले, वयानं नव्हे. त्यांच्याकडे बोट करून ते काउंटरवरच्या माणसाला इंग्रजीत म्हणाले, "विमानाला बॅग आणि माणूस यांतला फरक कळतो का? माझं वजन अठ्ठावन्न. यांचं एकशेचार. दोघांना पंधरा पंधरा किलो हा कुठला न्याय?" काउंटरवरचा माणूस हसायला लागला. त्यानं तिपाईकरांना चक्क सामानाच्या काट्यावर उभं केलं. सत्तावन्न पूर्णांक आठ. "बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला, आणि दोन किलो माफ केले. माझ्या डोळ्यांदेखत एका माणसाच्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण घडला आणि तो फोटोत आला नाही, कारण कॅमेरा खिशात खोल होता.

मारात पोचल्यावर कळलं ते असं. गाडीतून खाली उतरायचं नाही. गाडीत आठ माणसांचे पाय असतात, तिथं तिपाईचे तीन आणखी कुठे टेकणार? सगळे फोटो बीनबॅगवरून. उघड्या छताच्या कडेवर पिशवी टाकायची, तिच्यावर लेन्स. वहिनींनी तशी पिशवी घरून शिवून आणली होती, जुन्या जीन्सच्या पायाची, चेन लावलेली, रिकामी असताना नॅपकिनएवढी. तिचं वजन एक्सेलमध्ये घेण्याइतकंही नव्हतं. कॅम्पच्या कोठीतून चार किलो मूग भरून घेतले. तिथं मुगाला न्देंगू म्हणतात. लेन्स मुगात अशी रुतून बसली की हलायचं नाव नाही. ट्रायपॉड तंबूत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी वहिनींनी त्याच्यावर ओले टॉवेल टाकले, तर तिपाईकर कौतुकानं म्हणाले, "बघितलंस? पंचवीस किलोपर्यंत झेपतं त्याला."

शेवटच्या दिवशी पहाटे एक फेरी, मग जेवून दुपारचं विमान. पहाटे साडेपाचला त्यांच्या तंबूतून आरोळी आली. बीनबॅग रिकामी होती.

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, परत जाताना मूग इथंच टाकायचे," वहिनी शालीतून म्हणाल्या. "चार किलो मूग टाकायचे? काल संध्याकाळी आचाऱ्याकडे देऊन भिजत घातले. फडक्यात बांधून चुलीशेजारी ठेवलेत त्यानं."

त्या पहाटे ट्रायपॉड प्रथमच गाडीत आला. एक पाय ड्रायव्हरच्या सीटमागं, एक वहिनींच्या पर्सवर, आणि तिसरा शंभरीपारच्या सद्गृहस्थांच्या दोन्ही पावलांमध्ये. नदीकाठी इंजिन बंद झालं. पलीकडच्या उतारावर हजारेक विल्डबीस्ट येऊन थांबले. पुढचा पाण्याकडे बघतो, मागचे त्याच्याकडे बघतात. "कुणी हलू नका," तिपाईकर पुटपुटले. सद्गृहस्थांनी श्वास घेतला की लेन्समधली आफ्रिका वरखाली व्हायची, म्हणून त्यांनी तो बेतानं घ्यायला सुरुवात केली. माझा पाय बधिर झाला. वहिनींना शिंक आली, ती त्यांनी पदरात जिरवली. तासाभरानं पुढच्या विल्डबीस्टनं काहीतरी ठरवलं, वळला, आणि सगळा कळप आल्या वाटेनं परत गेला. ते असं पुष्कळदा करतात, ड्रायव्हर म्हणाला. तिपाईकरांनी धुळीचे तीनशे फोटो काढले. एकही हललेला नाही.

जेवायला उसळ होती. मोड जेमतेम डोकावले होते, पण आचाऱ्यानं वहिनींच्या हाताखाली कांदा-खोबरं नीट परतलं होतं आणि घरून आणलेला गोडा मसाला पडला होता. कॅम्पची पोरं, ड्रायव्हर, आम्ही, सगळे ओरपत होतो. सद्गृहस्थांनी तीनदा घेतली. तिपाईकरही रंगात आले. दुसरी वाटी संपवून तिसऱ्यांदा वाढून घेतली, घास तोंडाशी नेला आणि हात तसाच थांबला.

"जातानाही त्याच काउंटरवर वजन करतात का हो?" त्यांनी मला विचारलं. "माझं."